पानभर वाचलं तरी डोक्यात शिरत नाही

पत्र :

मी ४३ वर्षांची आहे, पतसंस्थेत नोकरी करते. शाळेपासून वाचनाचं वेड. गेल्या दिवाळीनंतर हळूहळू सगळ्यातून मन उडालं. मे महिन्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले. आता झोप लागते, जेवणही जातं, पण वाचन होत नाही. एकच पान चारदा वाचते आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. आमचे हे म्हणतात, 'पुस्तकं वाच, बरं वाटेल.' त्यांनीच प्रदर्शनातून सहा पुस्तकं आणली. त्यातली दोन प्रेरणा देणारी आहेत, ती उघडली की रडू येतं. बाकीची टेबलावर तशीच पडून आहेत. रात्री मात्र मोबाइलवर कथामालिका वाचता वाचता दीड वाजतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. नणंद म्हणते, सात दिवसांचं पोथीचं पारायण कर. हा माझा आळस आहे का? जबरदस्तीने वाचावं का? चांगली पुस्तकं वाचून गोळ्या बंद करता येतील का? कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये.
एक वाचक, कराड

उत्तर :

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. 'सकाळी उठूच नये' हे तुम्ही जाता जाता लिहावं तसं लिहिलंय. डॉक्टरांना ते सांगितलंय का, हे पत्रातून कळत नाही. सांगितलं नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्याच दवाखान्यात फोन करून हेच शब्द सांगा. आणि आज रात्री यजमानांना सांगा. असा विचार मनात डोकावणं वेगळं आणि तसं काही करायचं मनात येणं वेगळं, पण आपण यातल्या कुठे आहोत हे एकटीने ठरवत बसू नका. विचार वारंवार यायला लागला, 'कसं' हे डोक्यात घोळायला लागलं, तर एकटं राहायचं नाही, घरच्यांना घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत चालते, तिथे मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा साठाही सध्या यजमानांकडे राहू द्या, रोजची गोळी त्यांनी काढून द्यावी. यात तुमच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगतो.

आता वाचन. हा आळस नव्हे. डिप्रेशन किती आहे हे बघायला डॉक्टर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सर्रास वापरतात. तिच्यातला सातवा प्रश्न असा : गेल्या दोन आठवड्यांत वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं अशा गोष्टींत लक्ष लागत नाही, असं किती वेळा झालं? म्हणजे तुमची तक्रार आजाराच्या लक्षणांमध्ये नावानिशी नोंदलेली आहे.

होतं काय, तर वाचताना वाक्याची सुरुवात वाक्य संपेपर्यंत धरून ठेवावी लागते. आधीच्या परिच्छेदात कोण कुठे होतं, कोण कोणाला काय म्हणालं, तेही धरून ठेवावं लागतं. ही धरून ठेवायची जागा मुळात कोणाकडेही थोडीच असते. डिप्रेशनमध्ये तिच्यात आधीच गर्दी झालेली असते : माझ्यामुळे घरात सगळ्यांना त्रास, ऑफिसात काय म्हणत असतील, मुलांकडे लक्ष नाही. तेच तेच, घोळून घोळून. डोळे ओळीवरून सरकत राहतात, पानाच्या तळाशी आल्यावर कळतं की काहीच आत गेलेलं नाही. मग पुन्हा वरून. चौथ्यांदा वाचताना त्या गर्दीत 'मला साधं वाचताही येईना' याची भर पडलेली असते, म्हणून चौथी खेप पहिलीपेक्षाही वाईट जाते. तेव्हा एक नियम आजच करून टाका : पान परत वाचायचं नाही. कळलं नाही तर नाही कळलं, पुढचं पान उलटायचं.

बरं होण्यालाही एक क्रम असतो. बऱ्याच जणांमध्ये झोप आणि भूक आधी सुधारतात. मन रमणं आणि लक्ष टिकणं मागून येतं, काहींच्या बाबतीत बरंच मागून. सात आठवड्यांत तुमची झोप आणि जेवण ताळ्यावर आलंय, याचा अर्थ उपचार लागू पडतायत असं धरायला हरकत नाही.

त्यामुळे गोळ्यांबद्दलचं उत्तर सरळ आहे : बंद करू नका. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर थांबवल्या तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. मग माणूस घाबरतो आणि गोळ्यांनाच दोष देतो. डोकं जड वाटत असेल, दिवसा झोप येत असेल, जवळची अक्षरं धूसर दिसत असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. काही गोळ्यांनी हे होतं, आणि गोळीची वेळ किंवा गोळीच बदलता येते.

पुस्तकांचा उपचारात वापर होतच नाही असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सार्वजनिक वाचनालयांमार्फत एक योजना चालते. डॉक्टर पुस्तकाचं नाव सुचवतात आणि ते वाचनालयात मिळतं. डिप्रेशनसाठीची त्यातली पुस्तकं बहुतेक पेन्सिल घेऊन सोडवायची असतात : मनात आलेला विचार लिहा, त्याला पुरावा काय ते लिहा, दुसरं काय म्हणता येईल ते लिहा. आजार सौम्य ते मध्यम असेल आणि मधून मधून कोणी जाणकार विचारपूस करणारा असेल, तर अशा पुस्तकांचा फायदा होतो. विवेकनिष्ठ विचारपद्धतीवरची अशी पुस्तकं मराठीतही आहेत. तुम्हाला ती आत्ता नकोत. सलग पंधरा-वीस मिनिटं लक्ष टिकायला लागलं की समुपदेशकाच्या सोबतीने आठवड्याला एक प्रकरण, या गतीने घ्या. कादंबरीसारखी वाचून काढली तर 'सगळं पटतं, पण माझ्याच्यानं होत नाही' एवढंच हाती लागतं.

आधारासाठीचं वाचन हा निराळाच प्रकार. त्यातून आजार जाईल अशी अपेक्षा ठेवायची नाही. दहा मिनिटं त्या घोळण्यातून सुटका मिळाली आणि दिवसभरात ठरवलेली एक तरी गोष्ट हातून झाली, की काम फत्ते.

त्यासाठी आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : नवं पुस्तक उघडू नका. एकदा, दोनदा, दहादा वाचलेलं पुस्तक काढा. माणसं ओळखीची असतात, त्यामुळे नावं धरून ठेवायला लागत नाहीत. शेवट माहीत असतो, त्यामुळे पुढे काय वाईट होणार याची धाकधूक नसते. मधलं पान डोक्यावरून गेलं तरी दुवा तुटत नाही, कारण ते पान कधीतरी आत गेलेलंच आहे. तुमच्यासारख्या पट्टीच्या वाचकांना याची थोडी लाज वाटते, तेच तेच काय चघळायचं म्हणून. वाटू दे. नवं वाचून काढायला पुढे वेळ आहे.

कपाटातून निवडताना एवढं बघा. एक तर पुस्तकाचे तुकडे स्वतंत्र हवेत, म्हणजे पाच-सात पानांत एक गोष्ट किंवा एक लेख संपला पाहिजे. दुसरं, अक्षर मोठं आणि ओळींमध्ये मोकळी जागा हवी. जुन्या आवृत्त्यांमधला बारीक, फिकट टाइप आत्ता दमवतो. तिसरं, पुस्तक हलकं हवं. जाडजूड पुठ्ठ्याचं पुस्तक धरूनच मनगट भरून येतं, आणि या आजारात अंगातली ताकद आधीच गेलेली असते. शेवटी, मधलं कुठलंही पान उघडून अर्धं पान वाचा आणि माणसांची नावं मोजा. तीनपेक्षा जास्त निघाली तर पुस्तक परत कपाटात. ऐतिहासिक कादंबऱ्या या परीक्षेत पहिल्या पानालाच नापास होतात, त्यांचा राग मानू नका.

नावंच हवी असतील तर तुमच्या पिढीच्या बहुतेक घरांत सापडतील अशी सांगतो. पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' : प्रत्येक माणूस स्वतंत्र, आणि तुम्ही नक्की वाचलेलं असणार. पण ते सरसकट विनोदी आहे या समजुतीवर जाऊ नका. नंदा प्रधान सध्या वगळा. अंतू बर्वाही जपून, त्यातलं हसू एकटेपणाच्या अंगाने जातं. नारायणापासून सुरुवात करा. चि. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊच्या गोष्टी एकेका बैठकीत संपतात. भाषा जुन्या वळणाची आहे, पहिल्या दोन पानांत जमलं तर ठेवा. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' इथे फार उपयोगी पडतं, कारण त्यात महिन्यामहिन्यावर लेख आहेत, आणि लक्षात ठेवायला ना पात्रं ना कथानक. झाडं, पाऊस, उजेड, पक्षी. सध्या आषाढ आहे तर आषाढाचाच लेख काढा. वाक्यं दाट आहेत, म्हणून एका दिवशी एक परिच्छेद, फार तर दोन. वाचून झाला की खिडकीतून बाहेर बघा, त्यातलं काही दिसतंय का ते. 'माणदेशी माणसं' छोट्या छोट्या व्यक्तिचित्रांचं आहे खरं, पण त्यातली गरिबी आणि होरपळ आत्ता अंगावर येईल. महिना-दीड महिना थांबा.

हेही जड गेलं तर सरळ मुलांच्या पुस्तकांकडे वळा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत बघायला मिळतात. तुमच्या शाळेच्या वयातला अंक शोधा आणि एक गोष्ट कागदावर छापून घ्या. मोठ्या माणसाने मुलांचं मासिक वाचण्यात कमीपणा कसला? वाक्यं छोटी, अक्षर मोठं, गोष्ट चार पानांत पार.

वेळ ठरवून घ्या. या आजारात अनेकांची सकाळ सगळ्यात जड जाते आणि संध्याकाळकडे थोडं हलकं वाटतं. तुमचंही तसंच असेल तर ऑफिसमधून आल्यावर, चहा झाला की लगेच. खुर्चीत बसून, दिवा मागून किंवा बाजूने पडेल असं. अंथरुणात वाचू नका, एकदा आडवं झालं की पुस्तक छातीवर राहतं आणि घोळणं सुरू होतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत, वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघायची. दहा मिनिटं. लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून पट्टी करा आणि ती वाचत असलेल्या ओळीच्या खाली धरून सरकवत न्या. डोळे खालच्या ओळींवर घसरत नाहीत आणि मन भरकटलं तरी पट्टी जिथे आहे तिथून पुढे जाता येतं. दहा मिनिटं झाली की बंद. रंगात आलं असेल तरी बंद, निदान पहिले दोन आठवडे. बरा दिवस आला की माणूस दोन तास वाचत बसतो, दुसऱ्या दिवशी थकून पुस्तकाला हात लावत नाही, आणि तिसऱ्या दिवशी 'बघा, माझं काही टिकतच नाही' इथे येऊन पोचतो. हे इतक्या जणांचं होतं की दहा मिनिटांची वरची मर्यादा खालच्या मर्यादेइतकीच पाळायला आम्ही सांगतो.

आणि एखादा दिवस दहाही होणार नाहीत. त्या दिवशी पुस्तक घेऊन खुर्चीत बसा, एक परिच्छेद वाचा, उठा. तोही दिवस भरला.

मनातल्या मनात वाचून लक्ष लागत नसेल तर मोठ्याने वाचा. पुटपुटलं तरी चालतं. तोंड, कान आणि डोळे तिन्ही एकाच कामाला जुंपलेले असले की घोळणाऱ्या विचाराला शिरकाव करायला जागा कमी उरते. गतीही आपोआप कमी होते. आपल्याकडे पोथी मोठ्याने वाचायची रीत आहे तिचा इथे चांगला उपयोग होतो, म्हणून नणंदेचं म्हणणं आम्ही उडवून लावणार नाही. हरिपाठ किंवा मनाचे श्लोक लहानपणापासून कानावर असतील तर त्यांच्याइतकं सोपं वाचन दुसरं नाही : चाल ठरलेली, शब्द अर्धे पाठ, समजून घ्यायचा ताण नाही. मनाचे श्लोक २०५ आहेत, त्यातले रोज पाच-दहा म्हणा. पण सात दिवसांचं पारायण आत्ता नको. रोज ठरावीक अध्याय, ठरावीक वेळ, सोवळं-ओवळं, आणि संकल्प सोडलेला. तिसऱ्या दिवशी अंगात बळ नसेल आणि खंड पडला, तर डिप्रेशनमधलं मन त्याचा अर्थ 'माझी श्रद्धाच कमी' असा लावतं आणि आधीच्या अपराधीपणात देवाधर्माचीही भर पडते. श्रद्धेचा आणि या आजाराचा असा हिशोब नसतो. नणंदेला सांगा, पुढच्या वर्षी करू, तू सोबतीला ये.

ऐकणंही वाचनातच धरा. मराठी श्राव्य पुस्तकं मोबाइलवर मिळतात. वेग थोडा कमी ठेवा, ऐकलेलं किंवा वाचलेलंच पुस्तक निवडा, आणि हात रिकामे ठेवू नका : भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना ऐका. नुसतं डोळे मिटून ऐकलं तर बहुतेकांचं मन पाचव्या मिनिटाला निसटतं.

आता रात्रीच्या कथामालिका. दिवसा दहा मिनिटं लक्ष लागत नाही आणि रात्री तीन तास वाचन होतं, हे बघून घरच्यांना 'ढोंग आहे' वाटतं, तुम्हालाही वाटत असेल. त्यात विसंगती नाही. त्या कथा दर दोन मिनिटांनी उत्सुकता ताणून सोडतात, धरून काही ठेवायला लागत नाही, बोट सरकत राहतं. ते विचारांपासून पळणं आहे, आणि रात्री एकटं पडल्यावर पळावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण त्याची किंमत झोपेतून वळती होते, आणि झोप ही आत्ता तुमची सगळ्यात मोठी कमाई आहे. एकदम बंद करायला सांगितलं तर जमणार नाही. या आठवड्यात साडेबाराला थांबा, पुढच्या आठवड्यात बाराला, मग साडेअकराला. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा. तरीही झोप येईना तर अंथरुणातून उठून खुर्चीत बसा आणि तेच ओळखीचं कागदाचं पुस्तक मंद दिव्यात वाचा, झोप आली की परत आडवं व्हा.

प्रेरणा देणारी पुस्तकं उघडली की रडू येतं, हे अगदी स्वाभाविक आहे. ती पुस्तकं धडधाकट माणसासाठी लिहिलेली असतात. पहाटे पाचला उठा, ध्येय लिहा, नकारात्मक माणसांपासून लांब राहा, मनात आणलं तर सगळं शक्य आहे. ज्याला आंघोळीला उठायलाच तासभर लागतो त्याला ते आरोपपत्रासारखं वाचायला मिळतं : म्हणजे तू मनातच आणत नाहीस तर. ती दोन्ही पुस्तकं कोणाला तरी देऊन टाका. बाकीची चार कपाटात, दाराआड ठेवा. टेबलावरचा न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग येता-जाता बोलत असतो. बाहेर एकच पुस्तक, जे चालू आहे ते. वाचनालयातूनही सध्या एका वेळी एकच आणा, आणि बदलायची तारीख यजमानांना सांभाळू द्या. परत करायला उशीर झाला, दंड किती, ग्रंथपाल काय म्हणतील, असल्या किरकोळ गोष्टींनी आत्ता दिवस खराब होतो.

दुःखी पुस्तकं अजिबात नकोत का? असा सरसकट नियम नाही. खोटं खोटं हसरं लिखाण काहींना जास्त टोचतं आणि आपल्यासारखंच कोणी दुःखात आहे हे वाचून सोबत वाटते. फरक ओळखायची खूण ही : पुस्तक मिटल्यावर पंधरा मिनिटांनी तुम्ही त्यातल्या माणसाचा विचार करताय की स्वतःचा? माणसाचा असेल तर चालू ठेवा. स्वतःच्या चुका मोजायला लागला असाल तर ते पुस्तक महिनाभर बाजूला. ज्यात आत्महत्या आहे, विशेषतः ती कशी केली याचं वर्णन आहे, ते आत्ता वाचायचंच नाही. नवीन पुस्तकाबद्दल शंका असेल तर शेवटचं प्रकरण आधी वाचा किंवा वाचलेल्या मैत्रिणीला सरळ विचारा, शेवटी कोण मरतं. रसभंग होईल, होऊ द्या. डिप्रेशनवरचे लेख आणि आजाऱ्यांचे अनुभव यांचाही रात्री सपाटा लावू नका. आजाराची माहिती दिवसा, आठवड्यातून एकदा, पुरे.

एक छोटी वही करा. रोज एक ओळ : तारीख, वाचायच्या आधी मन किती जड होतं ते शून्य ते दहामध्ये, वाचल्यानंतर किती, आणि काय वाचलं. पानं मोजायची नाहीत. शंभर पुस्तकांचा वार्षिक संकल्प, वाचलेल्या पुस्तकांची यादी मैत्रिणींना पाठवणं, हे सगळं यंदा रजेवर. आठाचं सात झालं तर ते खूप झालं, त्याहून जास्त अपेक्षा दहा मिनिटांकडून करू नये. एखाद्या पुस्तकानंतर आकडा सलग तीनदा वर चढला तर पुस्तक बदला. दोन आठवड्यांनी वही चाळली की दिसतं, कोणत्या वाराला आणि कोणत्या वेळेला बरं जातं. मन सांगतं 'कशानेच काही फरक पडत नाही', वहीत तसं नसतं.

वहीतले आकडे साधारण स्थिर राहिले तर तिसऱ्या आठवड्यापासून पंधरा मिनिटं. मग न वाचलेलं, पण छोटं : जुन्या दिवाळी अंकातला एखादा ललित लेख किंवा प्रवासवर्णन. रद्दीवाल्याकडे जुने अंक स्वस्तात मिळतात, नाही आवडला लेख तर पान उलटा, कोणी विचारत नाही. अंकांमधल्या कथा मात्र सुरुवातीला टाळा, आपल्याकडच्या गंभीर कथाकारांना सुखान्ताचं वावडं आहे. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आसपास लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हाताशी ठेवा. पुस्तक मोठं आहे, पण छोट्या छोट्या प्रसंगांनी बांधलेलं आहे, कुठेही उघडावं. सोसणं त्यात भरपूर आहे, आणि सांगणारी स्वतःला हसत सांगते. कादंबरी सगळ्यात शेवटी. ती सुरू कराल तेव्हा खुणेच्या पट्टीवर पात्रांची नावं आणि नाती लिहून ठेवा, प्रत्येक वेळी डोक्यातून आठवायला नको. मध्येच मागे घसरायला झालं तर लाज न बाळगता पुन्हा नारायणाकडे.

वाचनाचा अतिरेकही होतो, तेही सांगून ठेवतो. रविवारी जेवण, आंघोळ, फोन सगळं टाळून दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसलात तर तो आधार राहत नाही. साधी अट घालून घ्या : खुर्चीत बसण्याआधी गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर, किंवा एका माणसाशी दोन वाक्यं. मग पुस्तक.

हा परिच्छेद यजमानांना वाचायला द्या. तुमचा हेतू चांगला आहे, पण 'वाच म्हणजे बरं वाटेल' हे वाक्य थांबवा. ज्यांना वाचनच येत होतं त्यांना तेही जमत नाही, हे त्या वाक्याने रोज नव्याने कळतं. त्याऐवजी संध्याकाळी 'मी वाचू का थोडं?' असं विचारा. हो म्हणाल्या तर दहा मिनिटं वाचून दाखवा, साध्या आवाजात, नाटकी हातवारे नकोत. मध्ये डोळा लागला तरी तुम्ही वाचत राहा. संपल्यावर 'कळलं का', 'कसं वाटलं' असलं काही विचारू नका. 'नको' म्हणाल्या तर बरं म्हणा आणि तिथेच बसून स्वतःचं काहीतरी वाचा. दोघांनी एका खोलीत आपापलं वाचणं यालाही वाचनच म्हणतात. आणि 'उठूच नये' या विचाराबद्दल थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या, आणि एका चिठ्ठीवर एवढं लिहा : लक्ष लागत नाही, किती दिवसांपासून, दिवसा झोप येते का, सकाळी उठूच नये असं किती वेळा वाटतं, गोळ्या किती दिवस चालतील. आत गेल्यावर सुचत नाही आणि दहा मिनिटांत बाहेर यावं लागतं, म्हणून चिठ्ठी सरळ त्यांच्या हातात द्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलेलं नसेल तर विचारा, यांच्या कमी-जास्तीनेही थकवा आणि विसराळूपणा येतो. आणि तुम्ही ४३ वर्षांच्या आहात. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतं, आणि ते इतकं सावकाश होतं की लक्षात येत नाही. पुस्तक थोडं लांब धरल्यावर अक्षर स्पष्ट होतंय का ते बघा, होत असेल तर चष्म्याचा नंबर याच आठवड्यात तपासून घ्या.